घरच्या फणसाचं पुस्तकांचं कपाट स्वतः करावं का? (हौशी सुतारांनो, या इकडे)

खळ्यातला_माणूस | ८ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. बँकेतून निवृत्त होऊन दोन वर्षांपूर्वी गावी, दापोली तालुक्यात, कायमचा राहायला आलो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या परड्यातला फणस मुळासकट आडवा झाला. आजोबांनी लावलेला होता, सरपणात घालवायचा जीव झाला नाही. पंचनाम्याची प्रत घेऊन खोड गिरणीवर नेलं, सव्वा इंच जाडीचे तक्ते काढून आणले आणि माळ्यावर मधे मधे पट्ट्या घालून रचून ठेवले. सात फूट लांबीचे अकरा तक्ते आहेत, रुंदी नऊ ते बारा इंच. त्यातल्या दोघांनी वाटीसारखा आकार घेतलाय, एकाला पीळ पडलाय, बाकीचे बरे दिसतात.

घरात पुस्तकं पलंगाखाली, ट्रंकेत आणि भाताच्या कणगीच्या शेजारी आहेत. सौ. म्हणते की एक तर मी तरी बाहेर जाईन किंवा दिवाळी अंक तरी. तेव्हा सहा फूट उंच, चार फूट रुंद, पाच कप्प्यांचं उघडं कपाट करायचं मनात आहे. मशीन नाही. एक करवत, वडिलांचा जुना रंधा, दोन पटाश्या, हातोडा आणि काटकोन एवढंच भांडवल. अनुभव म्हणाल तर कोंबड्यांचा खुराडा केला होता, कोंबड्यांनी तक्रार केली नाही.

फणसाचं लाकूड पुस्तकांना चालतं का? खिळे न ठोकता फळ्या कशा बसवायच्या? वाळवीचं काय? आणि मुळात हे या वयात सुरू करावं का?

उकडीचा मोदक | ८ फेब्रुवारी

करा. कोंबड्यांपेक्षा पुस्तकं कमी हलतात.

सातवा मजला | ८ फेब्रुवारी

काका, भावना समजतात, पण हिशोब करा. अठरा मिलीमीटरचं चांगलं वॉटरप्रूफ प्लाय आणा, गावातल्या सुताराकडून दोन दिवसांत कपाट उभं करून घ्या, वरून सनमायका. ना वाकणार, ना चिरणार, ना फुगणार. हाताने रंधा मारत बसलात तर पुढच्या शिमग्यापर्यंत भुसाच काढाल. माझ्या ठाण्याच्या घरात अकरा वर्षं प्लायचं कपाट ढिम्म उभं आहे.

मालवणी मसाला | ८ फेब्रुवारी

गावातलो सुतार म्हणे दोन दिवसांत! आमच्याकडे सुतार 'गणपतीक येतंय' म्हणता आणि शिमग्याक येता. तो पण फुडच्या वर्साच्या शिमग्याक.

करवतकाठी | ९ फेब्रुवारी

खळ्यातले काका, जरूर करा. मी रत्नागिरीत शिक्षिका आहे, पाच वर्षांपूर्वी असंच सुरू केलं. पहिलं स्टूल तीन पायांचं झालं, मुळात चार पायांचं होतं. आता घरात दोन बुकशेल्फ, एक देव्हारा आणि आईचा पाट माझ्या हातचा आहे.

फणस पुस्तकांना उत्तम. साग त्याच्याहून शांत लाकूड आहे, ऋतूप्रमाणे कमी हलतं, पण सागात वाळूसारखा कण असतो, त्याने पटाशीची धार पटकन जाते. फणस त्या मानाने धारेला सोसतो. नवीन कापलेला पिवळाधमक दिसतो, उजेडात वर्षभरात मधासारखा आणि पुढे तपकिरी होतो. त्यामुळे पॉलिशचा रंग वगैरे देऊ नका, तो आपोआप येईल.

तुमचं लाकूड वाळलेलंही आहे. मोकळ्या हवेत वाळवताना इंचाला एक वर्ष असा ढोबळ हिशोब धरतात, तुमचे तर साडेचार वर्षं झाले. तक्ते आठ-पंधरा दिवस खाली त्या खोलीत आणून उभे ठेवा जिथे कपाट राहणार आहे. माळ्यावरची कौलाखालची हवा आणि माजघरातली हवा वेगळी असते.

एकच अट. पावसाळ्याच्या आधी करणार असाल तर पाठीच्या फळ्यांमध्ये जागा सोडा. फेब्रुवारी ते मे लाकूड पावसाळ्याच्या मानाने कोरडं असतं. जूनमध्ये ते पाणी प्यायला सुरुवात करतं आणि रुंदीत फुगतं. लांबीत नाही, फक्त रुंदीत. दहा इंची तक्ता कोकणच्या पावसात दोन-तीन मिलीमीटर सहज वाढतो. घट्ट ठोकलात तर तो जागा करून घेणारच.

सुतारपोर | ९ फेब्रुवारी

मी राजापूरचा. वडील आणि आजोबा दोघेही सुतार, मी नाही. मालवणी मसाला, तुमचा विनोद दर धाग्यावर वाचतो, आज उत्तर देतो. गावात सुतार वेळेवर येत नाही कारण गावात सुतारच उरलेला नाही. जो आहे तो चार वाड्यांना पुरतो. माझे वडील नव्या बंगल्याचं काम करायचे, मालक मुंबईचे. दरवाजे बसवून झाल्यावर 'पुढच्या वेळी येतो तेव्हा बघू' असं सांगून गेले ते अजून येतायत. त्या पैशांची वाट बघत वडिलांनी अवजारं काढून ठेवली. मी बारावीनंतर चिपळूणला मोबाईलच्या दुकानात लागलो. तेव्हा 'सुतार मिळत नाही' हे दुखणं एका बाजूचं नाही.

आता कामाचं. काका, फणसाचे तंतू उलटसुलट जातात. एका बाजूने रंधा मारला की अर्धा तक्ता गुळगुळीत होतो आणि अर्धा उखडतो. दिशा बदलून बघा. तरी उखडला तर रंध्याचं पान (पातं) अगदी कमी बाहेर काढा, कागदासारखा काप निघाला पाहिजे, आणि तिरका रंधा मारा. वडील म्हणायचे, रंध्याचा आवाज खरखर झाला की थांब, धार लाव. शिट्टी मारल्यासारखा आवाज आला की चालू दे.

तक्त्याच्या कडेचा फिकट पांढरा भाग काढून टाका. भुंगा तोच खातो, गाभ्याला हात लावत नाही. वाटी झालेले तक्ते उभे मधून चिरा, दोन तुकडे रंधून परत चिकटवा, सरळ होतात. पीळवाला तक्ता लहान तुकड्यांना वापरा. त्याच्याशी कुस्ती खेळू नका, तो जिंकतो.

मालवणी मसाला | ९ फेब्रुवारी

सुतारपोर, बरोबर बोललास. विनोद मागे घेतंय. पण माझ्या खिडकीचो प्रश्न अजून उभोच आसा.

जांभा | १० फेब्रुवारी

चार फूट सलग फळी पुस्तकांसाठी करू नका, काही काळात ती पुस्तकं वाचणाऱ्यासारखी कंबरेत वाकेल. मी स्थापत्य अभियंता, हे माझं रोजचं दुखणं.

पुस्तकांचं वजन कोणी धरत नाही. उभी खच्चून भरलेली पुस्तकं फुटाला साधारण नऊ-दहा किलो होतात. चार फुटांचे पाच कप्पे म्हणजे वीस फूट, म्हणजे दोनशे किलोच्या आसपास. दोन माणसं आणि एक शेळी.

आता वाकण्याचं गणित. एका फळीवर फुटागणिक सारखाच भार असेल तर तिचं वाकणं आधारांमधल्या अंतराच्या चौथ्या घाताने वाढतं. म्हणजे अठ्ठेचाळीस इंचांची फळी बत्तीस इंचांच्या फळीपेक्षा दीडपट वाकत नाही, पाचपट वाकते. उलट जाडी वाढवली तर घनाने फायदा होतो. पाऊण इंचाऐवजी एक इंच जाडी ठेवलीत तर फळी सुमारे सव्वादोन पटीहून जास्त ताठ होते. तेव्हा सव्वा इंचाचे तक्ते रंधून एक इंच ठेवा, पाऊण करू नका, आणि मधे एक उभा तक्ता द्या. अंतर निम्मं झालं की वाकणं सोळावा हिस्सा होतं. लाकूड थोडं जास्त लागेल, पण गणित तुमच्या बाजूने येईल.

सातवा मजला | १० फेब्रुवारी

हेच म्हणत होतो, प्लाय घ्या.

जांभा | १० फेब्रुवारी

प्लाय जास्त वाकतं. त्याचे निम्मे थर आडवे असतात, ते लांबीत ताठपणा देत नाहीत. जाडी सारखी असेल तर सलग लाकडाची फळी प्लायपेक्षा ताठ. तुमचं अकरा वर्षांचं कपाट ढिम्म आहे ते त्यात शोभेचे काचेचे घोडे ठेवले असतील म्हणून, पुस्तकं किती?

सातवा मजला | १० फेब्रुवारी

दोन. एक टेलिफोन डिरेक्टरी.

निवांत | १० फेब्रुवारी

😂😂

कसर | ११ फेब्रुवारी

(नाव गंमत म्हणून घेतलंय, पण काम खरंच पुस्तकांचं आहे. चिपळूणच्या एका वाचनालयात होते.)

कपाट बनवणारे कपाटाचा विचार करतात, मी पुस्तकांचा करते. कोकणात पुस्तकाचा पहिला शत्रू वाळवी नाही, दमट हवा आहे. चिऱ्याची भिंत पावसात आतून ओलसर होते, त्यातही नैऋत्येकडची, झोड खाणारी. कपाट त्या भिंतीला लावू नका. कुठेही लावलंत तरी भिंतीपासून दोन बोटं जागा सोडा आणि पाठीला थोड्या फटी ठेवा, हवा खेळली पाहिजे. काचेची दारं पुण्याला शोभतात. इथे बंद काचेत जुलैअखेर पुस्तकांवर बुरशीची पांढरी साय येते.

पुस्तकं फार घट्ट कोंबू नका. ऊन पडलं की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बाहेर काढून झटकायची, पानं पंखा करून फडफडवायची, पण थेट उन्हात ठेवायची नाहीत, कागद पिवळा पडतो. कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर पूर्ण सुकवून, कापडात बांधून. ओलसर पाला ठेवून बुरशीला आवतण देणारे बरेच पाहिले.

कप्प्यांचं माप: नेहमीचं मराठी पुस्तक डेमी आकाराचं, साडेआठ इंच उंच. त्याला साडेनऊ-दहा इंचांचा कप्पा पुरतो. दिवाळी अंकांना खालचे दोन कप्पे बारा इंचांचे करा. खोली दहा इंच पुरे, जास्त केलीत तर मागे दुसरी रांग लागते आणि ती कोणी वाचत नाही.

आणि शेवटचं. सर्वात खालचा कप्पा जमिनीपासून किमान सहा इंच वर. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा आमच्या घरी पहिले दोन कप्पे चिखलात होते. आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं, त्याने २००५ आणि २०२१ अशी दोन्ही वेळा पाण्याची झळ सोसली. पानांच्या मधे टिपकागद घालून, पंख्याखाली बसून दोन महिने आम्ही एकेक पुस्तक वाळवत होतो. चकचकीत मुलाम्याची पानं तर एकमेकांना सोडतच नव्हती, त्यांची वीट झाली. तेव्हापासून माझ्या घरी खालच्या कप्प्यात फक्त छत्र्या असतात.

उकडीचा मोदक | ११ फेब्रुवारी

छत्र्या भिजल्या तरी चालतात, हा मुद्दा कोणीच विचारात घेतला नव्हता.

पेटीचा राजा | ११ फेब्रुवारी

अवांतर: पुस्तकांचं कपाट म्हटलं की मला गिरगावातली खोली आठवते. दहा बाय बारा, आणि भिंतीला आंब्याच्या पेट्या एकावर एक. गावाहून मे महिन्यात पाच-सहा डझनी पेट्या यायच्या, आंबे संपले की पेट्या माझ्या. पट्ट्यांच्या फटीतून हवा खेळती, कोणत्याही उंचीचा कप्पा, घर बदललं की कपाट उचलून चाललो. कॉलेजची सगळी वर्षं त्या कपाटावर काढली. फक्त पहिला महिना पुस्तकांना हापूसचा वास आणि मुंग्या.

करवतकाठी | ११ फेब्रुवारी

पेटीचा राजा, आमच्याही घरात होतं! आता पुठ्ठ्याची खोकी आल्यापासून तो कपाट-उद्योग बंद पडला.

पेटीचा राजा | १२ फेब्रुवारी

आणि त्या पेट्यांच्या पट्ट्यांना खिळे इतके, की कोणतंही पुस्तक काढताना शर्ट फाटायचा. दोन शर्टांचा हिशोब धरला तर प्लाय स्वस्त.

सातवा मजला | १२ फेब्रुवारी

मी काहीच म्हणालो नाही.

खळ्यातला_माणूस | १४ फेब्रुवारी

बापरे, एवढं सगळं! जांभा, मधला उभा तक्ता नक्की. कसरताई, तुमची मापं वहीत उतरवून घेतली. सुतारपोर, तुझं वाचून मला माझ्याच घरात हिशोब करावासा वाटला. आमच्या दारांची कामं एका सुताराने १९८० च्या आसपास केली होती, त्याचे पूर्ण पैसे मिळाले होते का हे आईला विचारलं. मिळाले होते म्हणते, वर दोन पायली तांदूळ.

आता सांध्याचं सांगा. फळी बाजूच्या उभ्या तक्त्यात कशी बसवू? सौ.ने खिळ्यांवर बंदी घातली आहे, तिला त्या खुराड्यावरून आठवण आहे.

करवतकाठी | १४ फेब्रुवारी

फळीसाठी आडवी खाच करा. सोपी आहे, पण घाई चालत नाही. दोन्ही बाजूचे उभे तक्ते एकमेकांशेजारी सपाट ठेवा आणि दोघांवर एकत्रच रेघ मारा, म्हणजे कप्पे तिरके येणार नाहीत. माझा पहिला शेल्फ तिरका होता, कारण मी दोन्ही वेगवेगळे मोजले. मोजमापापेक्षा एकत्र आखणी नेहमी भरवशाची.

रेघ पेन्सिलीने नको, धारदार सुरीने. सुरीच्या कापात करवत स्वतःहून बसते आणि कड फुटत नाही. फळीच्या जाडीइतक्या अंतरावर दोन काप करा, खोली तक्त्याच्या जाडीचा तिसरा हिस्सा, म्हणजे तुमच्या एक इंचाला साधारण आठ मिलीमीटर. मग मधला भाग पटाशीने बाजूने थोडा थोडा काढा, समोरून ढकलू नका, तुकडा उडून कड फुटते. खालचा तळ सपाट झाला की फळीची टोकं घासून बघा. टोक थोडं जाड वाटलं तर खाच मोठी करू नका, फळीलाच रंध्याने काप घ्या. खाच मोठी झाली की परत लहान होत नाही. लाकडाला हे कसं समजतं कुणास ठाऊक, पण सैल खाच मला जन्मात एकदाही घट्ट करता आली नाही.

आधी टाकाऊ तुकड्यावर दोन खाचा करून बघा. मग जोडणी. फेविकॉल चालेल, पण लावण्याआधी सगळं कोरडं जुळवून बघा. मोठे क्लॅम्प नसतील तर काथ्याच्या दोरीचे वेढे कपाटाभोवती घाला आणि मधे काठी घालून पीळ द्या. घट्ट झाल्यावर दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले म्हणजे काटकोन. कोपऱ्यांना डव्हटेल (कबुतराच्या शेपटीच्या आकाराचा जोड) येत असेल तर उत्तम, पण पहिल्याच कामाला अट्टहास नको.

सुतारपोर | १५ फेब्रुवारी

डव्हटेलऐवजी जुन्या घरांत बघा, चौकटींना काय केलंय: एका तुकड्याचं टोक कमी करून दुसऱ्याच्या भोकात आरपार घालतात आणि बाहेरून पाचर ठोकतात. आमच्याकडे त्या टोकाला कुसू म्हणतात. शंभर वर्षांचे दरवाजे या जोडावर आहेत. तुमचा खालचा पाया असा करा, वरचे कप्पे खाचेत. पाचर कोरड्या लाकडाची हवी, ओली असली की वाळल्यावर सुटते.

आणि काका, पटाशीची धार. पंचवीस अंशांच्या आसपास उतार ठेवा. आमच्या घरी नदीतला गुळगुळीत दगड आणि पाणी, एवढंच होतं. अंगठ्याच्या नखावर धार टेकवा, सरकली तर बोथट, बसली तर धार आली. मोबाईलच्या दुकानातही मी कधी कधी स्क्रू ड्रायव्हर तसा बघतो, सवयीने.

निवांत | १५ फेब्रुवारी

सुतारपोर, वडिलांचे अनुभव वेगळा धागा म्हणून लिहा. खरंच.

कसर | १५ फेब्रुवारी

+१.

वळीव | १६ फेब्रुवारी

माझा धडा वाचा आणि घ्या. रत्नागिरीतल्या भाड्याच्या खोलीत ऑनलाइन मागवलेलं तयार कपाट जोडलं. भुशाचे दाबलेले पत्रे, वर सागाचं चित्र. ऑगस्टमध्ये कडा फुगून फुटल्या, सप्टेंबरमध्ये मधली फळी स्माईल करायला लागली. ऑक्टोबरमध्ये एके रात्री मोठा आवाज झाला. चोर समजून मी काठी घेऊन बाहेर आलो, तर शब्दकोश पडले होते. तेव्हापासून काठीनेच कपाटाला टेकू आहे.

आणखी एक. पुढच्या कपाटाला वाळवी लागू नये म्हणून शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून काजूच्या टरफलांचं तेल आणलं. होडीला लावतात, खरं आहे, लाकूड टिकतं. हातमोजे न घालता लावलं. तळहातांना आणि मनगटांना बिब्बा उतल्यासारखे फोड, पंधरा दिवस जेवणही कठीण. आणि कप्पा महिनाभर चिकट. ते पुस्तकांच्या कपाटाला मुळीच लावू नका, पायांच्या तळालाच लावायचं तर जाड हातमोजे घालून.

करवतकाठी | १६ फेब्रुवारी

अरे देवा. वळीव, बरे आहात ना आता?

काका, तेलाचं म्हणाल तर जवसाचं उकळलेलं (बॉइल्ड) तेल आणि टर्पेंटाइन मिसळून, पातळ थर, चोवीस तास वाळू द्या, असे तीन थर. पण तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका! जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, गोळा केलेल्या चिंध्या आपोआप पेट घेतात. चिंध्या सपाट पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. आणि तेल मार्च-एप्रिलमध्ये लावा. लाखेचं पॉलिश तर पावसाच्या हवेत चढतच नाही, त्यावर पांढरी धुंद येते.

जांभा | १६ फेब्रुवारी

वाळवीसाठी: लाकूड जमिनीला थेट लागू देऊ नका. पायांखाली कडाप्प्याचे तुकडे. वाळवी मातीतून चिखलाची नळी बांधत येते, मोकळ्या जागेतून उडी मारत नाही. पायांभोवती मोकळी फट ठेवा आणि आठवड्यातून एकदा खाली वाकून बघा. नळी दिसली तर मोडा आणि ती कुठून आली ते शोधा. कपाटाला लावलेलं औषध हा दुसरा भाग, हा पहिला.

आणि लहान नातवंडं येणार असतील तर वरची कड भिंतीला जखडा. चिऱ्यात प्लास्टिकचा प्लग सैल पडतो, दोन भोकं पाडून दोन्ही सैल पडल्याचा मला अनुभव आहे. शक्य असेल तर लाकडी चौकट किंवा तुळईला स्क्रू मारा.

खळ्यातला_माणूस | १ एप्रिल

एप्रिल फूल नाही, खरंच प्रगती. अकरापैकी सात तक्ते रंधले. लाईट दर दुपारी जाते, माझ्या कामाचं काही अडत नाही, शेजारी हेवा करतात. दोन्ही पटाश्या इतक्यांदा धार लावल्या की एक अर्धा इंच आखूड झाली. हातांना घट्टे, खांद्यात वात. सौ. चहा घेऊन येते आणि 'संपलं का?' विचारते, गेले पंधरा दिवस तोच प्रश्न.

एक अडचण: एका तक्त्यात गाठ निसटली आणि गोल भोक पडलं. त्यातून पलीकडची फळी दिसते.

उकडीचा मोदक | १ एप्रिल

मांजराला वाट.

सुतारपोर | १ एप्रिल

तो तक्ता सर्वात वरच्या कप्प्याच्या पाठीला लावा, पुढून दिसणार नाही. किंवा गोल लाकडी तुकडा तासून त्यात चिकटवा, तंतूंची दिशा जुळवून.

खळ्यातला_माणूस | ११ एप्रिल

गोल तुकडा घातला. फिरून फिरून बघतो, दिसत नाही. सौ.ला दाखवला, तिने दहा सेकंदांत शोधला.

खळ्यातला_माणूस | १८ मे

कपाट उभं आहे! खाली कुसू आणि पाचर, वर खाचा, मधे उभा तक्ता. मागे सात फळ्या. करवतकाठी, तुम्ही फटी ठेवायला सांगितल्या होत्या, पण फळ्या जवळ जवळ लावल्या तेव्हा इतकं सुरेख दिसलं की फट ठेवायला हात वळेना. खिळे मारले, मागून आहेत, दिसत नाहीत. सौ.ला सांगू नका.

करवतकाठी | १८ मे

काका!

करवतकाठी | १८ मे

काढा ते खिळे. अजून पंधरा दिवस आहेत.

खळ्यातला_माणूस | १९ मे

अहो, पुस्तकं लागली पण.

सातवा मजला | १९ मे

मी काहीच म्हणणार नाही. हलकेच घ्या.

खळ्यातला_माणूस | २० ऑगस्ट

धागा वर काढतोय. कबुलीजबाब द्यायचा आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला. पंचवीस जूनला संध्याकाळी मागून टक् असा आवाज आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आषाढाच्या मध्यावर कपाटाची पाठ गरोदर दिसायला लागली. सात फळ्या मिळून बाहेर फुगल्या होत्या आणि खिळे अर्धा अर्धा इंच वर आले होते. शेवटी सर्व पुस्तकं काढली (सौ.ने पलंगाखाली हात करून दाखवला, 'ओळखीची जागा आहे'), फळ्या सुट्या केल्या, प्रत्येकीच्या कडेचा दोन-दोन मिलीमीटर काप रंध्याने घेतला. आता फळ्या एकमेकींवर खाचेत बसतात आणि फट पुढे-मागे सरकते. खिळे फक्त एका कडेला. गेले पंधरा दिवस धो धो पाऊस, आवाज नाही.

करवतकाठी, तुम्ही म्हणाला होतात. आता मीही सर्वांना सांगतो की मी म्हणालो होतो.

करवतकाठी | २० ऑगस्ट

मी काही म्हणत नाही, फक्त हसते आहे. फळ्या एकमेकींवर खाचेत घातल्या ते उत्तम केलंत. मी फक्त फटी सांगितल्या होत्या, तुम्ही पुढे गेलात.

आता पाऊस ओसरल्यावर फळ्या आटतील आणि फटी दिसतील, घाबरू नका.

जांभा | २१ ऑगस्ट

आणि कप्पे? वाकले का?

खळ्यातला_माणूस | २१ ऑगस्ट

एक मिलीमीटरही नाही. सुतळी ताणून बघितली. तुमच्या चौथ्या घातापुढे नतमस्तक.

कसरताई, खालच्या कप्प्यात छत्र्या ठेवल्या.

कसर | २१ ऑगस्ट

👍 पाठीकडून हवा खेळते ना? बुरशी?

खळ्यातला_माणूस | २१ ऑगस्ट

दोन दिवाळी अंकांवर आली होती, तेही जुन्या कणगीजवळचे. बाकी कोरडं. रोज सकाळी नळी बघायला पायांपाशी वाकतो, त्यामुळे कंबरही सुधारली.

वळीव | २१ ऑगस्ट

फोटो टाका की!

खळ्यातला_माणूस | २२ ऑगस्ट

रेंज चढत नाही, फोटो अर्धा जाऊन थांबतो. अर्ध्या फोटोत कपाटाच्या वरचा कप्पा आणि सौ.चा कोपर आहे. तो टाकू का?

निवांत | २२ ऑगस्ट

टाका, कोपरासकट.

सुतारपोर | २३ ऑगस्ट

काका, मागच्या आठवड्यात राजापूरला गेलो होतो. वडिलांची पेटी उघडली. रंध्याला गंज चढलाय, पण लाकडी बूड ठीक आहे. माझ्या पोरीसाठी छोटं काहीतरी करून बघणार आहे. एक पाट, बस. तुमच्याकडे तो पिळाचा तक्ता अजून पडलाय ना? विकत घेतो.

खळ्यातला_माणूस | २३ ऑगस्ट

विकत कसला, येऊन घेऊन जा. अख्खा घे. तुकडे करू नकोस, पीळ कुठे पडलाय ते आधी बघून मग.

मालवणी मसाला | २३ ऑगस्ट

काका, माझो सुतार अजून येवक नाय, खिडकी तशीच आसा. तुमीच येतास काय?

खळ्यातला_माणूस | २४ ऑगस्ट

येतो की. गणपतीत.